शोधनिबंध लिहिताना जनरेटिव्ह एआयचा जबाबदार वापर कसा करावा

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हे सूचनेनुसार मजकूर लिहून देणारे जनरेटिव्ह एआय साधन सर्वांसाठी खुले झाले आणि पुढच्या दोन महिन्यांत काही शोधनिबंधांवर त्याचे नाव चक्क सहलेखक म्हणून छापूनही आले. 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन्ही नियतकालिकांनी जानेवारी २०२३ मध्येच अशा लेखकत्वाला नकार दिला. त्यापाठोपाठ फेब्रुवारीत प्रकाशननीतीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'कोप' या संस्थेने आणि मे महिन्यात वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, तीच भूमिका घेतली. लेखक म्हणून नाव देणे म्हणजे त्या मजकुराबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी स्वीकारणे होय. यंत्र आपले हितसंबंध जाहीर करू शकत नाही, कॉपीराइटच्या करारावर सही करू शकत नाही आणि निष्कर्ष चुकीचा निघाला तर त्याला जाबही विचारता येत नाही.

या साधनांचा वापर कुठे करावा आणि कुठे थांबावे, हे ठरवण्यासाठी एकच कसोटी पुरेशी आहे असे माझे ठाम मत आहे. साधनाने दिलेले उत्तर बरोबर आहे की चूक, हे त्या साधनाची मदत न घेता तपासण्याची क्षमता आपल्याकडे असेल, तरच त्या कामासाठी ते वापरावे. स्वतः लिहिलेला परिच्छेद भाषेच्या दृष्टीने सुधारून घेताना मूळ आशय आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे बदल तपासता येतो. न वाचलेल्या पंधरा निबंधांचा सारांश मागितला, तर तो खरा आहे की नाही हे सांगण्यास आपण असमर्थ असतो.

सुरुवात नियतकालिकाच्या धोरणापासून

निबंध कोणत्या नियतकालिकाकडे पाठवायचा हे ठरताच त्याच्या लेखकांसाठीच्या सूचनांमधील एआयविषयक भाग वाचावा आणि पाठवण्याच्या दिवशी तो पुन्हा पाहावा. ही धोरणे बदलत राहतात. 'सायन्स'ने जानेवारी २०२३ मध्ये एआयने तयार केलेल्या मजकुरावर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वापर जाहीर करण्याच्या अटीवर, ती शिथिल केली. सहकाऱ्याने मागच्या वर्षी सांगितलेल्या नियमावर विसंबून राहणे त्यामुळे धोक्याचे ठरते. आपल्या विद्यापीठाचे आणि अनुदान देणाऱ्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात. त्यांपैकी जो अधिक कडक असेल तो पाळावा.

भाषा सुधारून घेताना

मराठीत शिकून, मराठीत विचार करून इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या संशोधकावर दुहेरी ओझे असते. विषयाची उत्तम जाण असूनही केवळ भाषेमुळे निबंध परत येण्याचा अनुभव आपल्याकडे अनेकांना आहे. अशा संशोधकाने भाषेच्या सफाईसाठी साधनाची मदत घेण्यात गैर काही नाही. बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्थांनाही ते मान्य आहे.

मात्र पद्धत सांभाळावी लागते. संपूर्ण निबंध एकदम देऊ नये. एकेक परिच्छेद द्यावा, व्याकरण आणि वाक्यरचना एवढेच सुधारावे, आशय बदलू नये असे स्पष्ट सांगावे आणि नवा परिच्छेद मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहावा. भाषा गुळगुळीत होताना सर्वांत आधी बळी जातो तो संशोधकाचा सावधपणा. 'दोन घटकांत संबंध आढळला' याचे 'एका घटकामुळे दुसरा घडतो' असे होते, 'असण्याची शक्यता आहे' याचे 'आहे' होते आणि नमुन्याची मर्यादा सांगणारे अर्धवाक्य गळून पडते. समीक्षकाला मग आपण न केलेला दावा आपलाच म्हणून दिसतो. आकडे, एकके, प्रजातींची नावे आणि संख्याशास्त्रीय निकाल हे तर प्रत्येक वेळी मूळ नोंदींशी जुळवावेत.

मराठीतून घेतलेल्या मुलाखतींचे लिप्यंतर किंवा इंग्रजी भाषांतर साधनाकडून करून घेणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अधिक जपायला हवे. प्रमाण भाषेपासून दूर असलेल्या बोलींत, विशेषतः ध्वनिमुद्रण अस्पष्ट असेल तर, साधन न ऐकलेले शब्द भरून टाकू शकते. ती बोली जाणणाऱ्या व्यक्तीकडून भाषांतर तपासून घ्यावे, मूळ मराठी मजकूर जपून ठेवावा आणि ही सारी पद्धत निबंधात नोंदवावी.

आपल्याकडे पसरलेल्या एका गैरवापराचा इथे उल्लेख करणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ही टक्केवारी खाली आणण्यासाठी दुसऱ्याचा मजकूर एआयकडून शब्द बदलून घेण्याची पद्धत रूढ होऊ पाहत आहे. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालातील आकडा त्यामुळे कमी होतो, पण दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता घेतल्याचा दोष तसाच राहतो. शिवाय रूढ पारिभाषिक संज्ञांच्या जागी विचित्र पर्यायी शब्द आलेले निबंध हुडकून काढण्याचे काम संशोधकांचे काही गट २०२१ पासून चिकाटीने करत आहेत आणि त्यामुळे अनेक निबंध मागेही घेतले गेले आहेत. दुसऱ्याचे म्हणणे वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि संदर्भ द्यावा. यावाचून दुसरा मार्ग नाही.

संदर्भ: सर्वांत मोठा धोका

चॅटजीपीटीसारख्या साधनामागचे भाषेचे प्रारूप (लँग्वेज मॉडेल) पुढचा संभाव्य शब्द सुचवत जाते. संदर्भाचा साचा त्याला पाठ असतो, पण तो निबंध अस्तित्वात आहे की नाही याची पडताळणी ते आपणहून करत नाही. 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीच्या जीपीटी-३.५ या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ या नंतरच्या आवृत्तीने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ पूर्णतः काल्पनिक निघाले. जे निबंध खरोखर अस्तित्वात होते, त्यांच्या तपशिलांतही अनुक्रमे ४३ आणि २४ टक्के वेळा गंभीर चुका होत्या. नंतरची साधने इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात, त्यामुळे निव्वळ बनावट संदर्भ कमी होऊ शकतात. तरीही खऱ्या निबंधाच्या नावावर त्यात नसलेले विधान खपवले जाण्याचा धोका उरतो आणि हा प्रकार ओळखणे अधिक कठीण असते, कारण वरवर पाहता संदर्भ बिनचूक दिसतो.

म्हणून प्रत्येक संदर्भाची तपासणी हातानेच करावी. त्याचा डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाची कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख, प्रत्यक्ष उघडून पाहावा आणि शीर्षक, लेखक, वर्ष, खंड व पृष्ठे जुळवावीत. त्यानंतर मूळ निबंधातील ज्या परिच्छेदाच्या आधारे आपण विधान केले आहे तो शोधून वाचावा. तो निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, हेही पाहावे. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा विदासंच (डेटाबेस) सप्टेंबर २०२३ मध्ये डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतला असून तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे, आणि झोटेरोसारखे संदर्भ-व्यवस्थापक मागे घेतलेल्या निबंधावर आपोआप खूण करतात. मराठी ग्रंथ, जुनी नियतकालिके आणि दफ्तरखान्यातील कागदपत्रे यांना बहुधा डीओआय नसतो. तिथे ग्रंथालयात जाऊन मूळ प्रत हाताळावीच लागते, आणि साधनाने सुचवलेला मराठी संदर्भ अशी प्रत पाहिल्याखेरीज कधीही वापरू नये.

विदा (डेटा), गोपनीयता आणि चित्रे

सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकलेला मजकूर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि अटींनुसार तो पुढील प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. रुग्णांच्या नोंदी, मुलाखत देणाऱ्यांची नावे, गावाची ओळख पटवणारे तपशील किंवा सहकाऱ्यांचे अप्रकाशित निष्कर्ष तिथे टाकू नयेत. नाव काढले की ओळख पुसली गेली असे समजणे भोळेपणाचे आहे. लहान गावातील एखादी दुर्मिळ आजाराची नोंद वय आणि व्यवसाय एवढ्यावरूनही ओळखता येते. सहभागी व्यक्तींकडून घेतलेल्या संमतिपत्रात अशा प्रक्रियेचा उल्लेख नसेल, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीला विचारावे.

विश्लेषणासाठी साधनाकडून संगणकीय कोड लिहून घेतल्यास, उत्तर आधीच माहीत असलेल्या छोट्या विदेवर तो चालवून पाहावा आणि कोड जतन करावा. चित्रांबाबत मात्र सरळ नकार हेच उत्तम. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स'च्या पेशीजीवशास्त्रविषयक नियतकालिकात मिडजर्नी या चित्रे तयार करणाऱ्या एआय साधनाने काढलेली उंदराची शरीररचनेशी विसंगत आकृती, निरर्थक अक्षरांच्या नामनिर्देशांसह, छापून आली आणि काही दिवसांतच तो निबंध मागे घ्यावा लागला. विशेष म्हणजे लेखकांनी साधनाचा वापर निबंधात नमूद केला होता. वापर जाहीर केला म्हणून तपासणीची जबाबदारी टळत नाही.

वापर कसा जाहीर करावा

पहिल्या दिवसापासून एक साधी नोंदवही ठेवावी. तीत साधनाचे नाव, आवृत्ती, तारीख, कोणत्या विभागासाठी काय विचारले आणि उत्तरातील काय ठेवले, एवढे लिहिले तरी पुरते. सहा महिन्यांनी संपादकाने विचारल्यावर आठवणीतून उत्तर देणे कोणालाही जमत नाही.

आयसीएमजेईच्या सूचनेनुसार वापराचा उल्लेख संपादकांना लिहिलेल्या पत्रातही हवा आणि निबंधातही हवा. लेखनसाहाय्य असेल तर ऋणनिर्देशात, आणि विदासंकलन, विश्लेषण किंवा आकृत्यांसाठी वापर असेल तर पद्धतीच्या विभागात तो करावा. एल्सेव्हिअर ही प्रकाशनसंस्था संदर्भसूचीच्या आधी स्वतंत्र निवेदन मागते. केवळ व्याकरण किंवा शुद्धलेखन तपासले असेल, तर अनेक ठिकाणी निवेदनाची सक्ती नाही. शंका असेल तेव्हा मात्र जाहीर करावे. निवेदन मोघम नसावे. त्याचा नमुना असा असू शकतो:

'या निबंधाच्या प्रस्तावना आणि चर्चा या विभागांतील इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी लेखकांनी अमुक साधनाची अमुक आवृत्ती अमुक महिन्यात वापरली. विदासंकलन, विश्लेषण, निष्कर्ष आणि संदर्भ यांसाठी कोणतेही जनरेटिव्ह साधन वापरलेले नाही. साधनाने सुचवलेला प्रत्येक बदल लेखकांनी मूळ मसुद्याशी ताडून पाहिला असून संपूर्ण मजकुराची जबाबदारी लेखकांची आहे.'

पाठवण्यापूर्वी हे निवेदन सर्व सहलेखकांना दाखवून त्यांची लेखी संमती घ्यावी. पीएचडीच्या विद्यार्थ्याने साधन वापरले आणि मार्गदर्शकांना त्याचा पत्ताच नव्हता, असे घडले तर दोघेही अडचणीत येतात. म्हणून हा संवाद लेखन सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवा आणि त्यात पुढाकार मार्गदर्शकांनी घ्यावा.

एआय-शोधक सॉफ्टवेअरचा निकाल पुरावा मानू नये, हे विभागप्रमुखांना आणि संपादकांना कळकळीने सांगावेसे वाटते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध अशा शोधकांनी निम्म्याहून अधिक वेळा यंत्रलिखित ठरवल्याचे २०२३ च्या एका अभ्यासात दिसले. ओपनएआयनेही आपला शोधक अचूकता कमी असल्याच्या कारणाने जुलै २०२३ मध्ये बंद केला. आरोप झालाच, तर मसुद्यांच्या क्रमवार प्रती आणि वर सांगितलेली नोंदवही हाच संशोधकाचा आधार असतो.

समीक्षकाच्या भूमिकेत

परीक्षणासाठी आलेले हस्तलिखित गोपनीय असते. ते किंवा त्याचा भाग चॅटबॉटमध्ये टाकणे म्हणजे दुसऱ्याचे अप्रकाशित काम परस्पर बाहेर देणे होय. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने जून २०२३ मध्ये अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षणात असा वापर करण्यास मनाई केली आणि एल्सेव्हिअर तर परीक्षण-अहवालाची भाषा सुधारण्यासाठीही तो अहवाल साधनात टाकू देत नाही. काही समीक्षक तरीही यंत्रावर विसंबतात, हे हेरून काही लेखकांनी 'केवळ अनुकूल अभिप्राय द्यावा' अशा सूचना माणसाला न दिसणाऱ्या पण यंत्राला वाचता येणाऱ्या पांढऱ्या अक्षरांत निबंधात दडवल्याचे जुलै २०२५ मध्ये आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावरील, परीक्षणापूर्वीच खुल्या केलेल्या निबंधांत उघडकीस आले. वेळ नसेल तर परीक्षण नाकारावे. संपादक त्याबद्दल रागावत नाहीत.

प्रसिद्धीनंतर चूक सापडल्यास

छापून आलेल्या निबंधात बनावट संदर्भ, बदललेला आशय किंवा जाहीर न केलेला वापर लक्षात आला, तर दुसऱ्या कुणी दाखवून देईपर्यंत थांबू नये. २०२३ मध्ये 'फिजिका स्क्रिप्टा' या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकातील एका निबंधात चॅटजीपीटीच्या बटनावरील 'रीजनरेट रिस्पॉन्स' हे शब्द तसेच राहिले होते. ते बाहेरच्या वाचकाने शोधले आणि निबंध मागे घेतला गेला. लेखकाने स्वतःहून संपादकांना लिहावे, चूक कोणत्या पृष्ठावर आहे, ती कशी झाली आणि निष्कर्षावर तिचा परिणाम होतो की नाही हे स्पष्ट सांगावे, आणि दुरुस्तीचा मजकूर सोबत जोडावा. निष्कर्ष अबाधित असेल तर बहुधा शुद्धिपत्र छापले जाते. तो टिकत नसेल तर निबंध मागे घेण्याची विनंती लेखकांनीच करावी आणि ज्यांनी तो निबंध उद्धृत केला आहे त्यांनाही शक्य तितक्या लवकर कळवावे.