रविवारी झालेलं भाषण: प्राध्यापकीत एआय वापरताना

सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) होऊन नुकत्याच तासिका तत्त्वावर लागलेल्या एका मॅडमनी परवा स्टाफरूममध्ये हळूच विचारलं, "मॅडम, नोट्स काढायला चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का हो?" आवाज दबका होता, कारण दहाच मिनिटांपूर्वी तिथे दोन सर 'ही पोरं सगळं त्यातूनच उतरवतात' म्हणून तावातावानं बोलत होते. त्यातल्या एकांच्या लॅपटॉपवर तेच उघडं होतं, ते सोडा.

मी तालुक्याच्या गावी बी. ए.च्या वर्गांना इतिहास शिकवते. त्या मॅडमना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. यातलं बरंचसं मी चुकून शिकले आहे.

पहिली चूक २०२३ च्या दिवाळीनंतरची. रोजगार हमी योजनेवर तास होता. ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, कल्पना वि. स. पागे यांची, हे सगळं मला पाठ. फक्त तासाची सुरुवात करायला पागेंचं एखादं छानसं वाक्य हवं होतं. एआयनं ते लगेच दिलं, विधान परिषदेतल्या भाषणातलं, तारखेसकट. मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं गाठलं. "मॅडम, कालच्या वाक्याचा संदर्भ द्या ना, प्रकल्पात टाकायचंय." ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळली, वाक्य सापडेना. सहज ती तारीख कॅलेंडरवर ताडून पाहिली तर रविवार निघाला. आता रविवारी सभागृह कशाला भरेल? शिवाय पागे त्या काळात परिषदेचे सभापती होते. सभापती उठून असं भाषण कसं करतील, हे इतिहासाच्या बाईला फळ्यावर लिहिण्याआधीच सुचायला हवं होतं. पुन्हा एआयला विचारलं, तर त्यानं नम्रपणे माफी मागितली आणि दुसरी तारीख दिली!

हे यंत्र कपाटातून कागद काढून देत नाही. आतापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज करत ते मजकूर रचतं. त्यामुळे खरं वाक्य आणि खऱ्यासारखं वाक्य, दोन्ही त्याच आत्मविश्वासानं येतात. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये असेच न झालेले खटले कोर्टात संदर्भ म्हणून दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला होता. मला दंड झाला नाही, पण पुढच्या तासाला वर्गासमोर उभं राहून 'कालचं वाक्य खोडा, मी ते तपासलं नव्हतं' असं सांगावं लागलं. मुलं हसली. मग एकानं विचारलं, "म्हणजे तुम्हीपण वापरता?" हो म्हणाले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोट्सच्या झेरॉक्सवर तळाशी एक ओळ असते: एआय कशासाठी वापरलं आणि कोणत्या पुस्तकावरून तपासलं. मुलांकडून कबुलीची अपेक्षा करायची तर आधी आपली द्यायला हवी. नाहीतर ती नुसती दमदाटी होते.

दुसरी चूक मला जास्त लागली. एरवी 'न' आणि 'ण' यांत गोंधळणाऱ्या एका मुलीची असाइनमेंट एकदम सफाईदार आली. मजकूर एआयनं लिहिलाय का ते सांगणाऱ्या नेटवरच्या एका फुकट तपासनीस साइटवर तो टाकला, 'एआयचा' म्हणून आकडा आला ८७ टक्के. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, चारचौघांत, आणि म्हणाले, "हे तू लिहिलेलं नाहीस." ती काही बोलली नाही. पिशवीतून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. आत तीच असाइनमेंट तीनदा लिहिलेली, खोडलेली, समासात तिच्या मावशीनं लाल पेनानं दुरुस्त केलेली. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आरोप स्टाफरूममध्ये केला होता म्हणून माफीही तिथेच, त्याच लोकांसमोर मागितली. तरी ती पुढचा आठवडाभर तासाला आली नाही.

हे आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं: चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असा एक तपासनीस आणला होता. त्यांच्याच चाचणीत एआयनं लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्यानं एआयचा ठरवला. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून तो बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच असे सात तपासनीस पाहिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. ही गत इंग्रजीची. मराठीसाठी या आकड्यांवर कुणाला दोषी धरणं म्हणजे पोपटाकडून भविष्य काढून घेण्यासारखं आहे.

यात नवे लोक हमखास घोळ घालतात तो टक्क्यांचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीतली १० टक्क्यांची मर्यादा साम्याची आहे, म्हणजे दुसऱ्याच्या छापील मजकुराशी किती जुळतं त्याची. एआयचा मजकूर कुठे छापलेलाच नसतो, त्यामुळे तिथे साम्य शून्याजवळ येऊ शकतं. कमी साम्य म्हणजे प्रामाणिक, असं होत नाही. आणि एआयच्या टक्क्यावर त्या नियमावलीतली शिक्षा लावता येत नाही.

मग करायचं काय? मी आता समोर बसवून बोलते. 'हा मुद्दा तुला कुठे सापडला', 'हे वाक्य सोपं करून सांग', एवढंच. पण साठ मुलांना पाच-पाच मिनिटं म्हणजे पाच तास झाले, आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला त्या पाच तासांचे पैसे कुणी देत नाही. म्हणून दहा-बाराजणांनाच बोलवा, मात्र नावं चिठ्ठ्या टाकून काढा. संशयावरून निवडलंत की गरीब घरातली, खेड्यातली, अचानक चांगलं लिहू लागलेली मुलंच तुमच्या यादीत येतात. माझ्या यादीत आलीच होती.

प्रश्न बदलल्यानं मात्र खरा फरक पडला. 'रोजगार हमी योजनेची वैशिष्ट्ये लिहा' असं विचारलं की एआयचीच वैशिष्ट्यं येणार. त्याऐवजी सांगितलं, घरातल्या किंवा गल्लीतल्या कुणाला तरी बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल, त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या शब्दांत लिहून आणा. प्रश्नावली काढायला एआय वापरा, हरकत नाही.

एका मुलानं आजीवर लिहिलं होतं: 'आजीने दुष्काळाच्या आव्हानात्मक काळात पायाभूत सुविधांच्या उभारणीत मोलाचे योगदान दिले. शासनामार्फत त्यांना पौष्टिक आहार उपलब्ध करून देण्यात येत असे.' मी विचारलं, आजी असं बोलल्या? तो ओशाळला. त्यानं आधी आजीचंच लिहिलं होतं, पण ते 'गावठी' वाटलं म्हणून एआयला 'चांगलं करून दे' म्हणून सांगितलं. मूळ लिखाण मोबाइलमध्ये होतं. त्यात आजी म्हणत होती, तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो, एकदा कपची डोळ्यात उडाली. मिलोची (लाल ज्वारीची) भाकर लालभडक व्हायची, कुणाला गोड लागायची नाही. सुकडी (कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ) मिळायची म्हणून धाकट्याला कडेवर घेऊनच जायचे.

खडी गेली, कपची गेली, मिलो आणि सुकडीचा पौष्टिक आहार झाला. यात नक्कल कुणाचीच नव्हती, कुठलाही तपासनीस पकडू शकला नसता. पण इतिहासाच्या दृष्टीनं हा साक्ष बदलण्याचा प्रकार आहे. मी त्याला ते दोन्ही मजकूर आजीला वाचून दाखवायला सांगितलं. एआयनं 'चांगला' केलेला ऐकून आजी म्हणाली म्हणे, "ह्ये कुनाचं वाचतोयस?" आता नियम असा आहे: शुद्धलेखन तपासा, मथळे सुचवून घ्या, पण दुसऱ्या माणसाच्या तोंडचं वाक्य यंत्राला द्यायचं नाही. आजीचं ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायला कुठल्या ॲपवर चढवणार असाल तर आधी आजीला विचारायचं. ती नाही म्हणाली तर हातानं उतरवायचं.

उरलेलं भराभर सांगते. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका काढत असाल तर तिचा एकही प्रश्न, अगदी भाषांतरासाठीसुद्धा, चॅटबॉटमध्ये टाकू नका. तुम्ही गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते. मुलांची नावं, हजेरी, गुण, जातीचे दाखले असलेली एक्सेल शीट तक्ता करून घ्यायला चढवू नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी ती माहिती आपली नाही.

पेपर तपासणीचा मोहही मला झाला होता. नाव काढून टाकलेलं एकच उत्तर दोनदा दिलं, एकदा दहापैकी सहा आले, एकदा आठ. बोली वळणाचं पण मुद्देसूद उत्तर गुळगुळीत उत्तराच्या मागे पडलं. गुण मीच देते. उत्तराला काय शेरा लिहावा हे सुचत नसलं तर कधीतरी विचारते, इतकंच.

आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना विचारून घ्या, एआयबद्दल कॉलेजचं काही लेखी धोरण आहे का. बहुतेक 'बघू, आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता समितीच्या) बैठकीत ठेवू' असं उत्तर मिळेल. तोवर तुमच्या पेपरपुरते चार नियम कागदावर लिहा, सेमिस्टर सुरू होतानाच वर्गात वाचून दाखवा आणि एक प्रत विभागाच्या फायलीला लावा. डिसेंबरमध्ये नियम सांगून जुलैच्या असाइनमेंटचे गुण कापता येत नाहीत.

त्या नव्या मॅडमनी काल त्यांच्या नोट्स दाखवल्या. तळाशी ओळ होती. दुसऱ्या पानावरचं एक साल मात्र मला खटकलं, त्यांनाही खात्री नव्हती. चहा तसाच ठेवून आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो.