वनस्पतिजन्य प्लास्टिक बनवताय? या चुका टाळा

'वजन घटलं म्हणजे विघटन झालं' ही समजूत आधी डोक्यातून काढा. एका गटाने स्टार्चची फिल्म कुंडीतल्या मातीत पुरली होती. आठवड्याभरात वजन जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरलं. लगेच आलेख झाला, सादरीकरणाची तारीखही ठरली. फिल्ममध्ये ग्लिसरीन (ती लवचिक राहावी म्हणून घालतात ते) किती, असं मी विचारलं. ३० टक्के. मग त्याच फिल्मचा तुकडा रात्रभर नुसत्या पाण्यात ठेवायला लावला. सकाळी नीट वाळवून तोलला, तर घट तेवढीच! ग्लिसरीन पाण्यात निघून गेलं होतं. जिवाणूंनी स्टार्च खाल्ल्याचा काही पुरावाच नव्हता. मुलं मेहनती होती, फक्त थांबायची तयारी नव्हती.

माझी पद्धत अशी: एक तुकडा मातीत, एक निर्जंतुक केलेल्या मातीत, एक पाण्यात. तिन्हींची तुलना झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. खरं मोजमाप जिवाणू प्लास्टिक खाताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं. कंपोस्ट होणाऱ्या वेष्टनांसाठीचं युरोपचं ईएन १३४३२ हे मानक सहा महिन्यांत ९० टक्के विघटन मागतं. ते मोजायची सोय नसेल, तर 'वजन घटलं' एवढंच लिहा.

वनस्पतीपासून आलं म्हणून कुजेलच असं नाही. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेलं पॉलिइथिलीन (नेहमीच्या पिशव्यांचं प्लास्टिक) हे शेवटी पॉलिइथिलीनच, मातीत तसंच पडून राहतं. उलट पीबीएटी हे मऊ प्लास्टिक बहुधा खनिज तेलापासून बनतं, तरी जिवाणू ते पचवतात. सगळं प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीतल्या बंधांवर ठरतं. पीएलएला (मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून बनणाऱ्या प्लास्टिकला) तर औद्योगिक कंपोस्टची ५८ अंशांच्या आसपासची ऊब लागते, परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. हे गिऱ्हाइकाला न सांगणं मला अप्रामाणिकपणा वाटतो.

ताजी फिल्म ताणून 'बघा, किती लवचिक!' म्हणणारेही पुष्कळ. स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना चिकटून स्फटिक बनवतात, आणि महिन्याभरात तीच फिल्म दुमडताच तडकते. दमट हवेत उलटं, ती चिकट होते. म्हणून मी फिल्मच्या कोपऱ्यावर तारीख घालते, २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेवून मगच ताणते, आणि त्याच घाण्यातला (एकाच वेळी बनवलेल्या मालातला) तुकडा महिन्याने पुन्हा ताणते. तडकते म्हणून ग्लिसरीन वाढवत नेणं हा आळशी उपाय आहे; ताकद जाते आणि ओलावा आणखी ओढला जातो.

पीएलएचे दाणे न वाळवता एक्स्ट्रूडरमध्ये (दाणे वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रात) घालू नका. ओलावा ०.०२५ टक्क्यांच्या खाली हवा, नाहीतर उष्णतेत साखळ्या तुटतात आणि वितळलेला माल पाण्यासारखा पातळ येतो.

फिल्मची जाडी एकाच जागी मोजू नका.

साध्या प्लास्टिकमध्ये 'ऑक्सो' पूड (ते हवेत लवकर ठिसूळ करणारी) मिसळून त्याला जैवविघटनशील म्हणू नका. त्याचे फक्त बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात अशा मालावर बंदी घातली आहे.