साधन मिळालं, तरी मुलाचं अडतं कुठे? दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

श्रवणयंत्र खोक्यात, ब्रेलची पाटी शाळेच्या कपाटात, आणि व्हीलचेअर ओसरीवर ज्वारीची पोती ठेवायला. मराठवाड्यात विशेष शिक्षक म्हणून गावोगाव फिरताना हे मला वारंवार दिसतं आणि दर वेळी जीव हळहळतो. बहुतेक वेळा साधन चांगलंच असतं. पण ते कुणाच्या मापाचं, वर्गातल्या नेमक्या कोणत्या कामासाठी आणि बिघडलं तर न्यायचं कुणाकडे, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं. मग महिना-दोन महिन्यांत मूल ते बाजूला ठेवतं आणि घरचे म्हणतात, "त्याला नकोच वाटतंय ते."

श्रवणयंत्राची शिट्टी वाजते म्हणून ते काढून ठेवणं

सगळ्यात जास्त साधनं वाया जातात ती इथे. कानामागे लावायच्या यंत्राला कानात बसणारा एक साचा असतो, त्याला इअर मोल्ड म्हणतात. तो मुलाच्या कानाचं माप घेऊन बनवलेला असतो. मूल वाढतं, कान वाढतो, साचा मात्र तेवढाच राहतो. मग फटीतून आवाज बाहेर येतो, परत यंत्राच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजू लागते. वर्गातली पोरं हसतात. घरचे आवाज कमी करतात, म्हणजे ऐकू येणं आणखी कमी होतं, आणि शेवटी यंत्र खोक्यात जातं. यंत्र बदलायची गरज नसते, साचा नवा करायचा असतो. लहान मुलांचा साचा तर वरचेवर बदलावा लागतो. यंत्र देतानाच हे पालकांना सांगायला हवं.

दुसरी तक्रार, "यंत्र बंद पडलं." आधी तीन गोष्टी बघा. सेल उलटा बसलाय का? साच्याच्या भोकात मळ अडकलाय का? नळीत घामाचं पाणी साचलंय का? साचा यंत्रापासून सुटा करून कोमट पाण्यात साबणानं धुता येतो, पूर्ण वाळवून परत लावायचा. यंत्राला मात्र पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. झिंक-एअर सेलवरचं स्टिकर काढलं की तो हवा घेऊन चालू होतो आणि तेव्हापासूनच उतरत जातो. म्हणून स्टिकर आधीच काढून सेल डब्यात साठवू नका. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या घट्ट डबीत ठेवा. एप्रिल-मेचा घाम आणि पावसाळ्यातला ओलावा, दोन्ही यंत्राला मारक आहेत.

शाळेला एक काम सांगतो, त्याला दोन मिनिटं लागतात. परिपाठ झाला की गुरुजींनी किंवा बाईंनी मुलाच्या मागे उभं राहून, त्याला ओठ दिसणार नाहीत असे सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. प्रत्येक आवाज ऐकला की मुलानं हात वर करायचा. कमी उंचीच्या 'म'पासून चढ्या 'स'पर्यंत बोलण्यातल्या बहुतेक आवाजांचा पल्ला या सहांत येतो. काल ऐकू आलेला 'स' आज आला नाही, तर त्याच दिवशी सेल आणि साचा तपासा. असं रोज केलं, तर बिघाड दुसऱ्या दिवसापर्यंत लपून राहत नाही.

पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की कोणतंही यंत्र हात टेकतं. तेवढा वेळ फळ्यावर लिहून शिकवा. आणि फळ्याकडे तोंड करून कधीच बोलू नका. यंत्र लावलेलं मूलही अर्धं ओठांवरूनच ऐकत असतं.

"अंध आहे ना, मग ऐकूनच शिकेल"

हे चांगल्या मनानं बोललं जातं, पण यातून मुलाचं नुकसान होतं. फक्त ऐकून शिकलेल्या मुलाला गोष्ट कळते, पण शब्द कसा लिहितात ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं, गणिताची मांडणी हे सगळं बोटांखालून गेल्याशिवाय पक्कं होत नाही. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१पासून आहे. सहा टिंबांची ही लिपी पहिली-दुसरीतच हाती आली पाहिजे. मोबाइल बोलतो म्हणून ब्रेल सोडू नका आणि ब्रेल येतं म्हणून मोबाइल नाकारू नका.

याच्या उलटही चूक होते. ज्याला थोडंफार दिसतं, अशा अल्पदृष्टी मुलाला सरसकट अंध धरलं जातं. त्याला आधी ठळक आणि मोठ्या अक्षरांतला मजकूर, खिडकीच्या उजेडाची जागा आणि जाड काळं पेन देऊन पाहा. मोठी अक्षरं म्हणजे साधारण १८ पॉइंट आणि त्यापुढे. लातूरला बारावीच्या क्लासेसमध्ये झेरॉक्सची झेरॉक्स झालेल्या फिकट नोट्स फिरतात. चांगली नजर असलेल्यालाही त्या नीट वाचवत नाहीत. अशा वेळी मूळ टाइप केलेली फाइल हक्कानं मागा.

पीडीएफ आहे, पण मोबाइल वाचत नाही

कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आहे आणि त्यातल्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. अँड्रॉइड फोनमध्ये हेच काम करणारं टॉकबॅक आधीपासूनच असतं. तरी "ते काहीतरी भलतंच बडबडतं" ही तक्रार येते. कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. तपासायला सोपं आहे. पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये चिकटवा. मराठीच उमटली, तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा अक्षरांत आहे. विचित्र चिन्हं उमटली, तर नाही. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे.

फोटो असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. अक्षरं ओळखून खाली मजकूर येतो. जुन्या फॉन्टच्या फाइलसाठीही पान छापून त्याचा सरळ, सावली नसलेला फोटो काढून हेच करता येतं. मात्र तो मजकूर एका डोळस माणसानं एकदा वाचलाच पाहिजे. रफार, जोडाक्षरं आणि तक्ते हमखास बिघडतात. गणिताची सूत्रं तर यात टिकतच नाहीत. ती टेलर फ्रेम (आकडे खिळ्यांनी मांडायची पाटी), अबॅकस (मण्यांची पाटी) किंवा ब्रेलवरच शिकवावी लागतात.

दुसरं कारण आवाजाची भाषा. फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट-टू-स्पीच उघडून मराठी आवाज डाउनलोड केलेला नसेल, तर फोन मराठी मजकूर गाळतो किंवा इंग्रजी ढंगानं उच्चारतो. आवाज वाय-फाय किंवा चांगली रेंज असेल तिथे एकदा उतरवून घ्या, मग गावात नेट नसलं तरी चालतो.

तिसरी अडचण घरातली. कुणाकडून तरी टॉकबॅक चुकून चालू होतं, एका बोटानं काहीच उघडत नाही आणि फोन बिघडला म्हणून दुकानात जातो. टॉकबॅक चालू असताना एकदा टेकवलं की ते नाव वाचतं, दोनदा टेकवलं की उघडतं आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की ते बंद होतं.

शाळेच्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो टाकला, की टॉकबॅकवाल्या मुलाला तिथे फक्त फोटो आहे एवढंच कळतं. तोच गृहपाठ बोलून टाइप केला तर एका मिनिटाचं काम आहे. आमच्याकडची मुलं बोलून टाइप करताना मात्र अडखळतात, कारण फोनला "मी शाळेत जायलालो" कळत नाही. मुलाच्या बोलीला नावं ठेवू नका. पुस्तकातली वाक्यं बोलून सराव करू द्या, आठवडाभरात हात बसतो.

पुस्तकं मिळवायला सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६पासून आहे. दिव्यांगत्वाचा पुरावा देऊन सभासद झालं की घरबसल्या पुस्तकं उतरवता येतात. आणि पुस्तक स्कॅन केलं तर कायदा आड येईल, ही शिक्षकांची भीती सोडून द्या. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं दिव्यांग वाचकासाठी वाचता येईल अशी प्रत करायला मोकळीक दिली आहे.

मोठ्या मापाची व्हीलचेअर "पुढे कामाला येईल" म्हणून घेणं

शाळेचा गणवेश असा वाढत्या मापाचा घेतात, पण खुर्चीला तो हिशेब लावू नका. खुर्ची रुंद असेल तर मूल एका कुशीला कलतं, पाठीचा कणा वाकतो आणि चाकापर्यंत हात पोहोचत नाही. पाय लोंबकळता कामा नयेत, पाऊल खुर्चीच्या पायरीवर सपाट टेकलं पाहिजे. ज्या मुलांना कमरेखाली संवेदना नसते, त्यांना बसून जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत. गादी हवीच. शिवाय थोड्या थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय लावा आणि रोज संध्याकाळी आईनं कातडी तपासावी. लाल डाग दिसला आणि तो दाबूनही फिकट होत नसेल, तर त्या जागेवर भार देणं लगेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

उताराचा हिशेब लक्षात ठेवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर चार फुटांचा उतार बांधतात. त्यावरून खुर्ची चढवणं धोक्याचं आहे आणि उतरवणं त्याहून धोक्याचं. मुलींच्या बाबतीत खरा प्रश्न संडासाच्या दाराचा असतो. दार अरुंद असेल तर मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, आणि मग हळूहळू शाळेतच येईनाशी होते. शाळेत साधन आणण्याआधी हे दार मोजा. काळ्या मातीत पावसाळ्यात पुढची लहान चाकं रुततात, म्हणून घरापासून डांबरीपर्यंत मुरूम टाकून घ्या. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा.

कागदांच्या चुका

प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव यावरच अडतो. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरण्याआधी तिन्ही नावं जुळवून घ्या.

"दिव्यांगत्व ४० टक्के नाही, म्हणजे काहीच मिळत नाही" हेही अर्धवट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. १८ वर्षांपर्यंत फुकट पुस्तकं आणि साधनं, तसंच उच्च शिक्षणातलं किमान ५ टक्के आरक्षण यांना ४० टक्क्यांची अट आहे. पण लेखनिकाबाबत, म्हणजे परीक्षेत मूल सांगेल ते लिहिणाऱ्याबाबत, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं, की लिहिण्यात खरीच अडचण असेल तर ४० टक्क्यांची अट आड आणता येणार नाही.

वाचन-लेखनाच्या अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं आणि पुढे १४ आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. पालक दहावीच्या डिसेंबरात धावपळ करतात. तोवर त्या मुलाला सात-आठ वर्षं "मठ्ठ" म्हणून ऐकून घ्यावं लागलेलं असतं. चौथीत मूल तोंडी सगळं सांगतंय आणि कागदावर काहीच उतरत नाहीये, असं दिसलं की त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

लेखनिक परीक्षेच्या दिवशीच भेटणं

लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो. सेमी इंग्रजीच्या मुलाला पूर्ण मराठी माध्यमातला लेखनिक दिला, तर 'फोटोसिंथेसिस' लिहितानाच पाच मिनिटं जातात. दोघांनी आधी बसून सराव करावा: आकृती कशी सांगायची, समीकरण कोणत्या क्रमानं बोलायचं, खोड कशी करायची. सराव परीक्षाही जादा वेळ आणि लेखनिकासह घ्या. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण तो वेळ कसा वापरायचा याचीही सवय लागते. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांसाठी लातूर, मराठवाड्यातल्या बाकी पाच जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर. आवक क्रमांकाची पोच स्वतःजवळ ठेवा.

ऊसतोडीच्या हंगामाचा विचार न करणं

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या कितीतरी घरांत दिवाळीच्या आसपास कोयता बाहेर पडतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत आधी मापाचं शिबिर होतं आणि वाटप काही महिन्यांनी. वाटपाचा निरोप येतो तेव्हा आई-बाप कारखान्यावर असतात आणि फोन लागत नाही. म्हणून फॉर्मवर दुसरा नंबर शाळेचा किंवा आजीच्या शेजाऱ्यांचा द्या. मापानंतर बराच काळ गेला असेल, तर साधन ताब्यात घेण्याआधी तिथेच बसवून पाहा. एकदा घेतलं की त्याच योजनेतून पुन्हा साधन मिळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. मूल हंगामी वसतिगृहात राहणार असेल, तर साधनाबरोबर चार्जर, सेल आणि डबी तिथल्या शिक्षकांच्या हातात देऊन वापरून दाखवा. सोबत एका कागदावर यंत्राचं मॉडेल, सेलचा नंबर आणि तालुक्याच्या विशेष शिक्षकाचा फोन लिहून द्या.

शाळेनं सवलत नाकारली, तर तोंडी भांडू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच, मग गटशिक्षणाधिकारी, आणि तिथेही हललं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. अर्जात मुलाला नेमकं काय करता येत नाहीये आणि काय दिलं तर करता येईल, हे दोनच परिच्छेदांत लिहा आणि यूडीआयडीची झेरॉक्स जोडा.