स्वतःच्या सर्व्हरवर बॅकएंड: निवडण्याआधी बॅकअप उघडून पाहा

बॅकएंड (अॅपचा डेटा सांभाळणारी, सर्व्हरवरची बाजू) निवडायला बसलात की फीचर्सची यादी बाजूला ठेवा. दोनच प्रश्न आधी सोडवा: एकाच वेळी नोंदी किती जण करणार, आणि सर्व्हर बसला तर डेटा परत कोण उभा करणार?

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका आडत्यासाठी मी संत्र्याच्या आवकेचं अॅप करतो आहे. अंबिया बहाराचा माल उतरू लागला की पहाटेपासून काट्यावर गर्दी. तरी नोंद करणारे मोजकेच: काट्यावरची पोरं आणि गादीवरचा मुनीम. एवढ्याला पॉकेटबेस हे तयार बॅकएंड पुरतं. एकच फाइल चालवायची, आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, सगळा डेटा 'पीबी_डेटा' फोल्डरमध्ये. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरं, पण एक पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) नोंदवायला काही मिलिसेकंदच लागतात, रांग जाणवत नाही. कलेक्शनचे (टेबलाचे) नियम मात्र नीट वाचा, डेटा कोण पाहू-बदलू शकतं ते तेच ठरवतात. कुलूप असलेला नियम म्हणजे फक्त अॅडमिन, आणि रिकामा सोडलेला नियम म्हणजे सगळ्यांना मोकळं रान! शेतकऱ्याचा हिशेब असा उघडा पडता कामा नये.

उद्या पाच-सहा आडती जोडल्या, हिशेबाच्या मोठ्या क्वेरी आल्या, तर पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस हवा, म्हणजे त्यावर चालणारं सुपाबेस. पण ते डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) डझनभर कंटेनर, म्हणजे असे डबे, घेऊन येतं, चार जीबी रॅम तरी धरा. नमुना फाइलमधले पासवर्ड आणि कीज पहिल्याच दिवशी बदला. एसक्यूएलनं टेबल बनवलं की त्यावर आरएलएस (कुठली ओळ कुणाला दिसेल याचे नियम) स्वतः चालू करा. अॅपराइट हे आणखी एक बॅकएंडही चांगलं आहे, पण डॉकर सांभाळणारं कुणी नसेल तर नको.

स्वतःच्या सर्व्हरची एवढी यातायात कशाला? फेसबुकनं २०१३ मध्ये घेतलेली पार्स ही तयार बॅकएंड सेवा २०१७ मध्ये बंद केली. कोड ओपन सोर्स (सगळ्यांना खुला) केला म्हणून लोकांना वाट मिळाली.

आता बॅकअप. तो आहे यावर समाधान मानू नका, उघडून पाहा. पॉकेटबेसचं फोल्डर लॅपटॉपवर त्याच आवृत्तीच्या फाइलशेजारी ठेवा, चालवा आणि ८०९० पोर्टवर उघडा. सुपाबेसचा डम्प (डेटाबेसची प्रत) घेतलात तरी स्टोरेजमधले फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे उचला. मग कालची कुठलीही एक पट्टी काढा आणि वजन, भाव, हमाली, तोलाई मुनीमाच्या वहीशी ताडून पाहा. जुळलं तरच ग्राहकाला होकार द्या.