नवीन टेलिस्कोपची पहिली रात्र

टेलिस्कोप आला की आधी उजेडातच फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवून घ्या, लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मोठ्या नळीत मधोमध आणायचं आणि मग स्क्रू फिरवून फाइंडरमध्येही तेच टोक मधोमध, फक्त सूर्याकडे चुकूनही वळवू नका, डोळा कायमचा जाईल. रात्री अंगणातले दिवे बंद, सुरुवात २५ मिमीच्या आयपीसनेच (डोळा लावायचं भिंग). चंद्र अष्टमीच्या आसपासचा बेस्ट, पौर्णिमेला सावल्याच नसतात म्हणून सगळं सपाट दिसतं. उजेड-अंधाराच्या रेषेवर बघा, विवरांच्या कडा काय उठून दिसतात! पृथ्वी फिरतेय त्यामुळे चंद्र सारखा निसटणार, नळी हळूच सरकवत राहायची. थंडीत चंद्र नसेल तेव्हा मृगातल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला धुरकट तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) शोधा, साधारण १३०० प्रकाशवर्षं लांब, फोटोतल्यासारखा रंगीत नाही, राखाडीच दिसतो.