ओजेटीला निघालेला न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थी: समन्वयकाने काय करावे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘ओजेटी’, आता श्रेयांकांचा (क्रेडिटचा) भाग झाले आहे. पदव्युत्तर पहिल्या वर्षात त्याला चार श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने विद्यार्थ्याला १२० तास एखाद्या आस्थापनेत काम करावे लागते. स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण), डिस्लेक्सिया (वाचनात अडचण), डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांत अडचण) किंवा डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ घालण्यात अडचण) असलेले, म्हणजे ज्यांची लक्ष देण्याची, वाचण्याची, आवाज-उजेड सोसण्याची किंवा माणसांत वावरण्याची पद्धत जन्मतःच वेगळी आहे असे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ विद्यार्थी महाविद्यालयात कसेबसे निभावून नेतात. मित्राच्या वह्या मिळतात, परीक्षेआधी रात्र जागता येते आणि मागच्या बाकावर कोणाच्या नजरेत न येता बसता येते. कामाच्या ठिकाणी यातले काहीच हाताशी नसते. हा मजकूर अशा विद्यार्थ्यांना बाहेर पाठवणाऱ्या प्राध्यापक-समन्वयकांसाठी आहे, पण आस्थापनेत त्यांना सांभाळून घेणाऱ्या वरिष्ठांनाही तो उपयोगी पडावा.

आपल्याकडे मराठवाड्यात काम शिकवण्याची रीत बहुतांशी न बोलता शिकवण्याची आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत शॉप फ्लोअरवर नव्या पोराला ‘मामांच्या बाजूला उभा राहा, बघत बघत येईल’ एवढेच सांगितले जाते. साहेबांच्या केबिनमध्ये कधी जावे, ‘जरा बघून घे’ याचा अर्थ आत्ता की सवडीने, चहाला सगळे उठले की आपणही उठायचे की नाही, हे कोणी सांगत नाही, कारण बहुतेकांना ते न सांगता उमगते. ज्याला उमगत नाही तो वेंधळा, आळशी नाहीतर फटकळ ठरतो. म्हणून समन्वयकाचे मुख्य काम एकच समजावे: जे गृहीत धरले जाते, ते पहिल्या दिवसाच्या आधी बोलून आणि लिहून घ्यावे. बाकीच्या सोयी त्यामागून येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसाही लागत नाही.

प्रमाणपत्राची वाट पाहू नये

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया, डिस्प्रॅक्सिया यांत मोडतात) स्पष्टपणे आहेत. एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. राखीव जागांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, परंतु वाजवी सोयीचा, म्हणजे गरजेप्रमाणे कामात किंवा जागेत योग्य तो बदल मिळण्याचा, हक्क त्या आकड्याला बांधलेला नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केले, आणि सोय ही त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरवायची असते हेही सांगितले. याच कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण तयार करणे अपेक्षित आहे, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात कोणत्या सुविधा दिल्या जातील हे नमूद असावे लागते. शेंद्रा किंवा वाळूज येथील मोठ्या कंपनीशी करार करताना हे धोरण मागून पाहावे. चार माणसांच्या कार्यालयात मात्र कलमे वाचून दाखवण्यात अर्थ नाही. तिथे मालक आणि वरिष्ठ एकच असतो आणि त्याच्याशी सरळ बोललेलेच कामी येते.

प्रत्यक्षात आपल्या वर्गातील अशा अनेक विद्यार्थ्यांकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा कागद नसतोच. शाळेत कोणाच्या लक्षात आले नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालायला घरच्यांना जमले नाही, किंवा मुलीच्या बाबतीत ‘उद्या सोयरीक जुळवताना हे पुढे येईल’ या धास्तीने विषय मिटवला गेला. या धास्तीची टिंगल करू नये. ती खरी असते आणि तिचा भार मुलीलाच वाहावा लागतो. अध्ययन अक्षमतेचे वयाच्या १८ व्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र कायमस्वरूपी वैध असते, ही माहिती विद्यार्थ्याला जरूर द्यावी. पण ते काढणे ही ओजेटीच्या सोयींची पूर्वअट करू नये. लिखित सूचना, ठरलेली वेळ आणि एक ओळखीचा माणूस एवढ्या गोष्टी देण्यासाठी कोणत्याही वैद्यकीय मंडळाचा शिक्का लागत नाही.

आधीचे बोलणे

बोलण्याची सुरुवात प्रशिक्षणाच्या निदान महिनाभर आधी व्हावी. ओजेटीच्या अर्जातच सर्व विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न ठेवावा: ‘तुमचे काम चांगले व्हावे यासाठी आम्ही आणि आस्थापनेने कोणती गोष्ट लक्षात ठेवावी?’ सर्वांना विचारल्यामुळे कोणी एकटा पडत नाही, आणि ज्यांनी कधी कोणाला सांगितले नाही त्यांतलेही काही जण दोन ओळी लिहून देतात. त्यानंतर एकांतात, दार लोटून, घाई नसताना भेटावे. ‘तुला नेमका काय त्रास आहे’ असे विचारले की विद्यार्थी आवरून घेतो. त्याऐवजी मागच्या सत्रातील ठोस प्रसंग विचारावेत. प्रयोगशाळेत कोणते काम सहज जमले? कोणते अर्धवट राहिले आणि ते कोणत्या टप्प्यावर अडले? गर्दीच्या एसटीतून आल्यावर पहिला तास कसा जातो? फोनवर बोलणे अवघड जाते की समोरासमोर? उत्तरांतून निदान काढणे हे आपले काम नाही. काम कसे मांडून द्यावे एवढेच त्यातून काढायचे असते.

कोणाला किती सांगायचे हे विद्यार्थ्याने ठरवावे आणि ते लेखी असावे. निदानाचे नाव न घेताही गरज सांगता येते, आणि बहुतेक ठिकाणी तेच पुरते. उदाहरणार्थ, विद्यार्थ्याने वरिष्ठांना असे म्हणावे: ‘सर, तोंडी सांगितलेल्या तीन-चार गोष्टी एकदम माझ्या लक्षात राहत नाहीत. काम व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा कागदावर लिहून दिलेत, तर मी ते पूर्ण करून तुम्हाला कळवतो.’ हे वाक्य आपल्यासमोर दोनदा बोलून घ्यावे. वैद्यकीय कागद विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे, किंवा ‘याच्याकडे जरा लक्ष द्या, याचं वेगळं आहे’ असे चहाच्या टपरीवर कंपनीच्या माणसाच्या कानात सांगणे, हे चांगल्या हेतूने होत असले तरी टाळलेच पाहिजे.

पालकांविषयी इथेच सांगावेसे वाटते. ‘आमचं लेकरू साधं आहे, सांभाळून घ्या’ म्हणत वडील थेट कार्यालयात जाऊन बसतात, आणि विद्यार्थ्याचे तिथले स्थान पहिल्याच दिवशी ठरून जाते. विद्यार्थी सज्ञान आहे. त्याची संमती असेल तर पालकांना महाविद्यालयात बोलवावे, प्रवास आणि औषधांच्या वेळा यांची व्यवस्था त्यांच्याशी बोलावी, आणि आस्थापनेशी संपर्क महाविद्यालयच ठेवील हे नम्रपणे सांगावे.

एक पान

या बोलण्यातून एका पानाचा मजकूर तयार करावा आणि त्यावर विद्यार्थी, समन्वयक व आस्थापनेतील मार्गदर्शक या तिघांच्या सह्या घ्याव्यात. कामाच्या वेळा, सुट्टीच्या वेळा, काम कोण देणार, अडले तर कोणाला विचारायचे आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणाला, गणवेश किंवा बूट काय, भ्रमणध्वनी कुठे ठेवायचा, अनुपस्थिती कशी कळवायची, काम ‘पूर्ण झाले’ हे कशावरून ठरणार, एवढे त्यात यावे. शेवटच्या मुद्द्यावर मार्गदर्शक सर्वांत जास्त टाळाटाळ करतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘नोंदी नीट कर’ हे सांगणे झाले नाही. ‘जेवणाच्या सुट्टीपर्यंत या फाइलमधील सर्व बिले टॅलीत (हिशेबाच्या संगणक प्रणालीत) चढव आणि शेवटी बेरीज जुळव’ हे सांगणे झाले. असे पान मिळाले तर इतर विद्यार्थीही ते आनंदाने खिशात ठेवतील, म्हणून ते सर्वांनाच द्यावे असे माझे मत आहे.

जागेप्रमाणे अडचण बदलते

कारखान्यात पहिला प्रश्न आवाजाचा. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना, प्रेस मशीनच्या ठोक्यांत उभे राहणे कोणालाही जड जाते. ज्याची श्रवणसंवेदना तीव्र आहे त्याला तिथे सूचनाच ऐकू येत नाही. कानातील प्लग हे तिथले नेहमीचे सुरक्षा साधन आहे, त्यामुळे ते मागण्यासाठी वेगळी परवानगी लागू नये. मात्र धोक्याचा भोंगा आणि हाक कशी पोहोचेल हे आधी ठरवावे. शेजारच्या कामगाराने खांद्याला हात लावायचा की समोर येऊन हात हलवायचा हेही विद्यार्थ्याला विचारावे, कारण अचानक झालेला स्पर्श काहींना सोसत नाही. फिरत्या पाळ्यांनी झोप आणि एडीएचडीच्या औषधांच्या वेळा दोन्ही बिघडतात, तेव्हा जनरल शिफ्टच मागून घ्यावी. डिस्प्रॅक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला हातांचा मेळ घालायला वेळ लागतो. त्याला तपासणी, मोजमाप किंवा नियोजन विभागात द्यावे. सुरक्षेच्या नियमांत मात्र कोणालाही सवलत नसते, आणि ती मागूही नये.

लातूर-नांदेडच्या करसल्लागार कार्यालयात शांतता असते, पण आकडे आणि अक्षरे अखंड असतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो; महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पुढे पॅन येतो. डिस्लेक्सिया किंवा डिस्कॅल्क्युलिया असलेल्या विद्यार्थ्याकडून यांत अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. ‘लक्ष देऊन कर’ असे शंभरदा सांगून ती थांबत नाही. क्रमांक हाताने न लिहिता उचलून चिकटवावा, तो तुकड्यांत वाचून पडताळावा, संगणकाचे अक्षर मोठे ठेवावे, आणि एकाने वाचावे व दुसऱ्याने ताडावे. ही शेवटची पद्धत कोणत्याही काटेकोर कार्यालयात एरवीही असते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी आहे. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणवले जाणारे हे विद्यार्थी-विद्यार्थिनी गावात जातात, गटाने राहतात, ग्रामसभेसमोर बोलतात, आणि पारावर कोणीही केव्हाही काहीही विचारतो. स्वमग्न विद्यार्थ्याला शेतीचे काम नव्हे, हा अखंड लोकसंपर्क थकवतो. त्याच्यासाठी गटात कामांची वाटणी आधीच करावी. सोयाबीनच्या उगवणक्षमतेच्या चाचणीत ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून रोजची नोंद ठेवायची असते, आणि ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे योग्य समजतात; ही चाचणी तो सांभाळील, आणि तिचे निष्कर्ष सहकारी शेतकऱ्यांना सांगेल. त्यालाही बोलायचे असेल तर दोन शेतकऱ्यांपासून सुरुवात करावी. अर्थात प्रत्येक स्वमग्न मुलाला मोजणी आवडते असे गृहीत धरणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. काहींना शेतकऱ्याशी एकट्याने तासभर बोलणेच सर्वांत चांगले जमते. दुपारी तासभर एकटे बसण्याची जागा मात्र गावात मुक्काम ठरवतानाच पाहून ठेवावी, कारण एकदा मुक्काम पडला की ती मिळत नाही.

पहिला आठवडा

काम सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात विद्यार्थ्याने त्याच एसटीने, त्याच वेळेला एकदा जाऊन यावे, फाटक, स्वच्छतागृह, जेवणाची जागा आणि स्वतःचे टेबल पाहून घ्यावे, आणि मार्गदर्शकाला भेटावे. मार्गदर्शक म्हणून हुशार माणसापेक्षा शांत माणूस मागावा; एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी जो आवाज चढवत नाही तो. रोज सकाळी दहा मिनिटे ‘आज काय, कोणत्या क्रमाने, कधीपर्यंत’ आणि संध्याकाळी पाच मिनिटे ‘काय झाले, काय राहिले’ एवढी बैठक ठरवून घेतली, तर एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्याचे अर्धे ओझे उतरते. चूक दाखवायची असेल तर चारचौघांत नको, आणि टोमण्यात तर मुळीच नको, कारण ‘वा, काय लवकर आलात’ हे काही जण शब्दशः घेतात व आभार मानतात, आणि मग त्यांनाच उद्धट ठरवले जाते.

समन्वयकाने पहिल्या शुक्रवारी स्वतः विचारपूस करावी. विद्यार्थ्याला लिहून उत्तर देणे सोपे जात असेल तर फोनचा हट्ट धरू नये. कामाच्या दर्जाआधी झोप, जेवण आणि प्रवास यांची चौकशी करावी; दिवसभर इतरांसारखे वागण्याचा ताण बहुधा घरी गेल्यावर दिसतो. मन फारच खचलेले वाटले तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तिथे मराठीत बोलता येते.

गुण आणि अहवाल

आस्थापनेने भरायच्या मूल्यमापन पत्रकात ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आत्मविश्वास’, ‘संवादकौशल्य’ असे रकाने असतात, आणि नजरेला नजर न देणारा विद्यार्थी तिथे विनाकारण गुण गमावतो. या रकान्यांऐवजी ‘दिलेले काम ठरलेल्या वेळेत कळवले का’, ‘अडचण आल्यावर विचारले का’ असे पाहता येण्याजोगे निकष अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्यावेत. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याने रोजनिशी आवाजात नोंदवून नंतर टंकित केली तर ती स्वीकारावी, आणि मौखिक परीक्षेचे प्रश्न आधी हातात दिले तर परीक्षेचा दर्जा काही घसरत नाही.

मध्येच काम सुटले तर आधी जागा बदलून पाहावी आणि झालेले तास धरून उरलेले दुसरीकडे पूर्ण करता येतील अशी तरतूद विभागाच्या नियमांत लिहून ठेवावी. अवहेलना झाली असेल तर शासकीय आस्थापनेत कायद्याने नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. विद्यार्थ्याची इच्छा असेल तरच अर्ज करावा आणि त्याचे लेखन महाविद्यालयाने करून द्यावे. प्रशिक्षण सुरळीत संपले तर अनुभवपत्रात केलेल्या कामांची नावे नेमकी यावीत, सवलतींचा उल्लेख येऊ नये, आणि ते एक पान दुरुस्त करून विद्यार्थ्याकडेच द्यावे, म्हणजे पुढच्या मुलाखतीला जाताना काय मागायचे हे त्याला नव्याने शोधावे लागणार नाही.