जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सचे ऑइल निवडण्यापूर्वी

ऑइलचा कॅन विकत आणण्यापूर्वी पहिली खातरजमा करावी ती ट्रकला आज बसवलेला गिअरबॉक्स मूळचाच आहे का, याची. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या ट्रकचे इंजिन जसे बदललेले असते, तसा गिअरबॉक्सही कधीकाळी दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असू शकतो, आणि मग ट्रकच्या पुस्तिकेत सांगितलेले ऑइल त्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून तारेच्या ब्रशने कवचावरचा मळ खरवडून ओतकामातला क्रमांक वाचावा, धातूची पट्टी शिल्लक असल्यास तिचेही छायाचित्र घ्यावे, आणि पुस्तिका शोधायची ती त्या गिअरबॉक्सची, केवळ ट्रकची नव्हे.

पुस्तिका हाती आली की ती तिच्या काळाच्या भाषेत वाचावी लागते. ‘एसएई ९० खनिज तेल’ (एसएईचा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो) एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ बहुधा अतिदाबाची, म्हणजे ईपी, रसायने नसलेले साधे तेल असा असतो. आणि ‘ईपी तेल वापरू नये’ अशी स्पष्ट सूचना असेल, तर ती जुनाट समजून ओलांडू नये. त्याहून जुन्या गाड्यांच्या बाबतीत आकडेही फसवतात. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीसाठी सांगितलेले ‘६००-डब्ल्यू’ हे वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरांसाठी बनवलेले जाड तेल होते. त्या ‘डब्ल्यू’चा आजच्या ८०डब्ल्यू-९० मधल्या हिवाळी ‘डब्ल्यू’शी काहीही संबंध नाही. शिवाय पूर्वी एसएई ९० या एकाच दर्जात १०० अंश सेल्सियसला १३.५ ते २४ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) एवढा विस्तृत दाटपणा बसत असे. २००५ मध्ये त्याचे दोन भाग झाले, १८.५ च्या वरचा भाग ‘११०’ या नव्या दर्जाकडे गेला. जुन्या पुस्तिकेतले ‘९०’ आजच्या ‘९०’ पेक्षा दाट असू शकते, हे झिजलेल्या गिअरबॉक्सच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

यानंतरचा प्रश्न आत काय आहे याचा, आणि माझ्या मते साऱ्या निवडीचे मूळ तिथेच आहे. गिअर पडताना क्लच दोनदा दाबावा लागतो का, की सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्यापूर्वी भागांची गती जुळवणारे सुटे भाग, आहेत? सिंक्रोनायझर असतील, तर त्यांच्या कड्या बहुतेक वेळा पितळेच्या किंवा ब्राँझच्या असतात आणि त्या घर्षणावर काम करतात: कडी शंकूवर घासून दोन्ही भागांची गती जुळवते, तेव्हाच गिअर शांतपणे पडतो. तेल फार निसरडे असेल, तर कडी पकड घेत नाही आणि दात खरखरतात. म्हणूनच लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी (डिफरन्शियल म्हणजे चाकांच्या धुऱ्यावरची गिअररचना, लिमिटेड स्लिप म्हणजे एकच चाक नुसते गरगरू न देणारा तिचा प्रकार) घर्षण कमी करणारी रसायने घातलेले तेल इथे घालू नये. सिंक्रोनायझर नसलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ही अडचण नसते, तरी तिथेही ब्राँझचे बुश आणि थ्रस्ट वॉशर असतातच. अशा गिअरबॉक्सला अती पातळ तेलही मानवत नाही, कारण वरचा गिअर टाकताना आतला शाफ्ट हळू व्हायला हवा असतो आणि ते काम थोडेफार तेलाचा दाटपणाच करतो.

आता जीएलचा आकडा, म्हणजे डब्यावर छापलेला गिअर ऑइलचा एपीआय या संस्थेचा वर्ग. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा ‘चांगले’ असते, असा समज फार पसरलेला आहे आणि तोच सर्वाधिक नुकसान करतो. हे आकडे गुणवत्तेची पायरी दाखवत नाहीत. तेल कोणत्या कामासाठी आहे ते सांगतात. जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शियलसाठी आहे, जिथे दात एकमेकांवर लोळण्यापेक्षा प्रचंड दाबाखाली घसरतात. त्यासाठी त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायने जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. गिअरबॉक्समधल्या सरळ किंवा तिरप्या दातांना एवढ्या संरक्षणाची गरज नसते. उलट सक्रिय गंधक तापलेल्या अवस्थेत तांबे असलेल्या धातूंवर हळूहळू डाग आणि पुढे झीज घडवू शकते. आजची सगळीच जीएल-५ तेले पितळ खातात असे मात्र नाही, अनेकांत तांब्याला जपणारी रसायनेही असतात. म्हणून डब्यावरचे अभिवचन न पाहता तेलाचा तांत्रिक तपशील मागवावा आणि त्यात तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल शोधावा. या चाचणीत पट्टी ठरावीक तापमानाच्या तेलात ठेवतात आणि तिच्या रंगाला १ ते ४ असा दर्जा देतात. ‘१ए’ म्हणजे पट्टी जवळपास नव्यासारखी राहिली आणि ४ म्हणजे ती काळी पडून खाल्ली गेली. जीएल-५ ला १२१ अंशांवर ३ तासांनंतर ३ पर्यंतचा निकाल चालतो, जो पितळेच्या कड्यांच्या मालकाला चालू नये. तुलना करताना तापमान आणि वेळ सारखे आहेत ना, हेही पाहावे. डब्यावर ‘जीएल-४/जीएल-५’ असे दोन्ही लिहिलेले असेल, तर आतले तेल जीएल-५ च्या ताकदीचे आहे असेच धरून चालावे.

या निकषांवर माझी निवड अशी: पुस्तिका साधे खनिज तेल मागत असेल तर जीएल-१, सिंक्रोनायझर असून सौम्य ईपी चालत असेल तर जीएल-४, आणि सिंक्रोनायझर नसलेल्या अवजड गिअरबॉक्ससाठी एमटी-१ हा एपीआयचाच आणखी एक वर्ग, तो पर्यायही तपासावा, कारण तो दर्जा अशाच गिअरबॉक्ससाठी आखलेला आहे. डिफरन्शियलचा विचार स्वतंत्रपणे करावा. दोन्हीकडे एकच डबा रिकामा करण्याचा मोह सोयीचा असला, तरी टाळावा.

दाटपणा ठरवताना गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, याचे भान ठेवावे: एसएई ९० गिअर ऑइल साधारण एसएई ४० किंवा ५० इंजिन ऑइलएवढेच दाट असते. त्यामुळे पुस्तिकेत एखाद्या गिअरबॉक्ससाठी इंजिन ऑइल सांगितलेले आढळले, तर ती छपाईची चूक समजू नये. थंडीत पहिला गिअर जड पडत असेल तर ८०डब्ल्यू-९० उपयोगी पडते; झिजलेल्या गिअरबॉक्सचा आवाज दाबण्यासाठी थेट बऱ्याच दाट एसएई १४० कडे जाणे हा मात्र दुरुस्तीचा नव्हे, झाकपाकीचा मार्ग आहे. सिंथेटिक तेलाबद्दल एवढेच की ते पातळ असेल, तर जुनी चामड्याची किंवा नमद्याची सील ते धरून ठेवत नाहीत.

प्रत्यक्ष काम करताना ट्रक सपाट जागी, आधारांवर भक्कम उभा असावा. ड्रेन प्लगला हात लावण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडून पाहावा. मी एकदा उलट केले, जुने तेल सांडून मोकळा झालो आणि वरचा प्लग गंजून जाम झालेला असल्याने ट्रक दोन दिवस तेलाविना तसाच उभा राहिला. आधी ट्रक थोडा चालवून तेल कोमट झाल्यावर ते काढावे आणि स्वच्छ भांड्यात धरावे, कारण तेच सर्वात बोलके असते. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे, सोनेरी चमक म्हणजे ब्राँझ किंवा पितळ झिजते आहे, आणि चुंबकाला चिकटणारे बारीक पीठ चालते, कपचे चालत नाहीत. आधीच्या तेलाला गंधकाचा उग्र वास येत असेल, तर कोणीतरी ईपी तेल घातले होते हे जवळपास निश्चित.

कवचावरचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याचे छिद्र, मोकळा आहे ना, हे पाहिल्याशिवाय सील बदलू नये, कारण तो तुंबला की आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. प्लगचे वॉशर नवे घ्यावेत. तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे; जास्तीचे तेल पुढच्या बेअरिंगमधून क्लचवर उतरू शकते. थोडे अंतर चालवून, गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी, आणि वापरलेल्या तेलाचे नाव, दर्जा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी गिअरबॉक्सच्या पुस्तिकेतच ठेवावी.